भिंतीवर दिवा, घरात अंधार



२०१२ साली जुलैच्या ३० आणि ३१ तारखेला अर्ध्या हिंदुस्थानची लाईट गेली. दिल्लीची मेट्रो थांबली, आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, खाणीतली माणसं खाणीतच अडकली. साठ कोटींवर लोक अंधारात, असं पेपरात मोठ्या अक्षरांत छापून आलं. चौकशी समिती बसली. एक-दोन दिवसांत लाईट परत आली, सगळे गप्प झाले.

आपल्या पाड्यांवर त्या दिवशी काहीच गेलं नाही. जायला आधी यावं लागतं. २०११ च्या जनगणनेत सरकारनंच लिहून ठेवलंय की देशातल्या खेड्यांमधली दर शंभरातली ४३ घरं तेव्हा रॉकेलच्या दिव्यावर रात्र काढत होती. त्यांच्या अंधारावर कुठली चौकशी समिती बसली? शहराचा अंधार म्हणजे संकट आणि आपला अंधार म्हणजे रोजचं, असं कोणी ठरवलं?

यावर साहेब लोक लगेच म्हणतात, "तुमच्याकडे सोलर दिलंय की." मागच्या महिन्यात तालुक्याला गेलो तेव्हा मलाही हेच ऐकवलं. यादी उघडली, बोट ठेवलं. आपल्या वनगावाचं नाव, त्यापुढे घरांचा आकडा, आणि त्यापुढे "काम पूर्ण". मी म्हटलं, साहेब, दिवा दिला हे खरं, पण तो लागत नाही. तर म्हणाले, "तुमचे लोक वस्तू सांभाळत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

हे वाक्य मी घरापर्यंत डोक्यात घेऊन आलो. आज त्याचंच उत्तर लिहितोय.

दिवा कसा मेला

पाचेक वर्षांपूर्वी ठेकेदाराची जीप आली. डोंगराखाली रस्ता संपला तिथून प्लेटा आणि बॅटऱ्या आपण डोक्यावर आणल्या, मजुरी कोणी दिली नाही. छपरावर ३७ वॉटची प्लेट, भिंतीला डबी, खाली बॅटरी, घरात दोन सीएफएल. असे दिवे दूरच्या गावांना देण्याची दिल्लीची योजना होती, नव्वद टक्के पैसा केंद्राचा. ठेकेदाराच्या माणसानं कागदावर अंगठे घेतले, फोटो काढले आणि सांज व्हायच्या आत निघून गेला. बॅटरीत पाणी घालावं लागतं हे त्यानं सांगितलं नाही. कुठलं पाणी, हेही नाही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. पोरं रात्री पाटी घेऊन बसली. बायांनी धुराविना भाकरी टाकल्या असं म्हणणार नाही, चूल आहेच, पण निदान भाकरी करपली की नाही ते दिसलं. दुसऱ्या वर्षी दिवा दोन तासांत मंद व्हायला लागला. बॅटरी उतरली की ती भिंतीवरची डबी दिवा आपोआप तोडते. ते बॅटरी वाचवायला असतं. आपल्याला कोणी सांगितलंच नाही, म्हणून आपल्या पोरांनी डबी बाजूला ठेवून वायर डायरेक्ट जोडली. एक तास जास्त मिळाला आणि बॅटरी सहा महिन्यांत मेली. ज्यांनी पाणी घातलं त्यांनी नाल्याचं घातलं. बॅटरीला लागतं डिस्टिल वॉटर, जे मोटरगाड्यांच्या दुकानात बाटलीत मिळतं. नाल्याच्या पाण्यातल्या क्षारांनी ती आतून कुजते.

आता मला सांगा, यात "सांभाळलं नाही" कोणी? शहरात माणसाच्या घरी मिक्सर आला तरी त्यासोबत पुस्तक येतं, गॅरंटीचं कार्ड येतं, बिघडला तर दुकान येतं. आपल्याकडे बॅटरीसोबत फक्त ठेकेदार आला आणि त्याच्यासोबत ठेकेदारच परत गेला.

पुढचं तर अजून वाईट. दिवा लागत नाही म्हणून लोकांनी प्लेटा विकल्या. भंगारवाला डोंगर चढून येतो, दोनशे-तीनशे रुपये हातावर ठेवतो. साथींनो, प्लेट मेलेली नसते! नीट राहिली तर ती वीस-पंचवीस वर्षं वीज देते. मरते ती बॅटरी, चार-पाच वर्षांत, आणि वापर चुकला तर त्याहून लवकर. म्हणजे सगळ्यात किमती वस्तू आपण भंगाराच्या भावात दिली आणि भंगार घरात ठेवलं. काही जणांनी बॅटरी फोडून शिसं वितळवलं, मासळीच्या जाळ्याला मणी केले. हे करू नका. त्या धुरात विष असतं आणि सगळ्यात आधी ते लहान पोरांना चढतं.

यादीतला उजेड

साहेबांची यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. यादी त्यांच्या नियमानं खरीच आहे. नियमच असा आहे की उजेड कागदावर पडावा.

एकेकाळी गावाच्या शिवारात कुठेही, कशालाही वीज वापरली तरी ते गाव विजेचं धरत. एका पाटलाच्या विहिरीवर मोटर बसली की सगळं गाव "विद्युतीकृत". २००४ पासून नियम बदलला. आता वस्तीत ट्रान्सफॉर्मर आणि तारा पाहिजेत, शाळा-पंचायत-दवाखान्यात वीज पाहिजे आणि शंभरातल्या दहा घरांत पाहिजे. दहा! उरलेली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजेडात. तेही गावाचं मोजतात, पाड्याचं नाही. आपली गावं सातपुड्यात कशी आहेत ते आपल्याला माहीत आहे. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर, मधे नाला. खालच्या पाड्यात शाळेजवळ खांब आला की वरच्या सात पाड्यांचं तोंड बंद.

२००५ साली राजीव गांधींच्या नावानं ग्रामीण विजेची मोठी योजना निघाली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या घराला जोडणी फुकट होती, हे चांगलं. पण शंभर माणसांहून लहान वस्ती तिच्यात बसत नव्हती. आपले पाडे पंधरा-वीस घरांचे. म्हणजे बाप-दादांनी जमिनीजवळ घरं बांधली, हाच आपला गुन्हा.

वनगावांचं तर अजून वेगळं. महसुली यादीत नाव नाही, म्हणून कुठलंच खातं आपलं नाही. वीजवाले म्हणतात जंगल खात्याला विचारा. जंगल खातं म्हणतं, खांब रोवायला जंगल तोडावं लागेल, कायदा आडवा येतो.

कुठला कायदा आडवा येतो ते एकदा वाचून घेऊ. वनहक्क कायदा २००६, कलम ३, पोटकलम २. त्यात तेरा सोयी लिहिल्यात ज्यांच्यासाठी वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता आणि त्यातच विजेच्या तारा. अपारंपरिक ऊर्जा म्हणजे सोलरसारखी सोय, तीही नावानं लिहिलेली. अट काय? जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे कायदा आडवा येत नाही, साहेब आडवा येतो. आणि कलम ३, पोटकलम १ मधे (ज) खाली लिहिलंय की वनगावाला महसूल गाव करणं हा आपला हक्क आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६ मधे तर गावांबरोबर पाड्यांचंही नाव आहे. तिथवर वीज पोचवायची जबाबदारी राज्य आणि केंद्र दोघांवर टाकलीय.

वीज होती, बुडवली

काही जण म्हणतात की आदिवासीला यंत्राचं काय कळतं. त्यांना बिलगावची गोष्ट सांगा. आपल्याच अक्राणी तालुक्यातलं गाव. तिथे उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदान करून पाण्यावरचं छोटं वीजघर बांधलं. केरळचे तरुण इंजिनियर मदतीला आले, पण दगड उचलले, पाट खणले, ते गावानं. २००३ साली १५ किलोवॅटचं वीजघर सुरू झालं आणि पाड्यांत दिवे लागले. ना मोठी तार, ना मंत्री.

पुढे सरदार सरोवराची भिंत वाढवली आणि २००६ च्या पावसाळ्यात ते वीजघर पाण्याखाली गेलं.

त्या धरणाची वीज १,४५० मेगावॅटची. त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. आणि महाराष्ट्रानं त्या धरणासाठी काय दिलं? अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं. जमीन आपली गेली, वाटा महाराष्ट्राला मिळाला. त्यातला एक बल्ब तरी आपल्या वरच्या पाड्यांपर्यंत चढून आला का? उलट, ज्यांनी स्वतःचा उजेड स्वतः केला होता त्यांचाही विझवला. म्हणून कोणी साहेब म्हणाला की सोलर हे सरकारचं तुमच्यावर उपकार, तर सांगायचं, उपकार नाही, हे देणं आहे. हप्त्या-हप्त्यानं फेडताय, तेही खोट्या नाण्यात.

अंधाराचा हिशोब

सोलर महाग पडतं, असं दुसरं म्हणणं. मग रॉकेल फुकट आहे का? २०१२ साली आमच्या पाड्यावर एका घराचा हिशोब मांडला. दोन चिमण्या, महिन्याला चार लिटर. रेशनवर दोन लिटर मिळालं तर नशीब, त्याचे ३० रुपये. उरलेलं दोन लिटर बाजारात, ब्लॅकनं, ९० रुपये. टॉर्चचे सेल २० रुपये. महिन्याचे झाले १४०. वर्षाचे १,६८०. पाच वर्षांचे ८,४००.

तेव्हा तालुक्याच्या दुकानात दहा वॉटची प्लेट, छोटी बॅटरी आणि दोन एलईडी दिवे साडेचार हजारांच्या आसपास मिळत होते. पाच वर्षांत एकदा बॅटरी बदलली, हजार रुपये. साडेपाच हजार. म्हणजे गरीब माणूस उजेडासाठी जास्त पैसे देतो आणि त्याला मिळतो धूर. फरक इतकाच की रॉकेलवाला पावशेर-पावशेर मागतो आणि सोलरवाला एकदम साडेचार हजार. एकदम कुठून आणायचे?

बँकेतून, असं सरकार म्हणत होतं. राष्ट्रीय सौर मिशनमधे तेव्हा घराच्या दिव्याला सबसिडी होती आणि पाच टक्के व्याजाचं कर्ज होतं. आमच्यातले दोघं जण विचारायला गेले. बँकेच्या साहेबानं पहिलं विचारलं, "सातबारा आहे का?" वनजमीन कसणाऱ्याकडे सातबारा कुठला? दावा अजून समितीत पडलाय. म्हणजे बघा, जमिनीचा कागद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून दिवा नाही. आणि दिवा नाही म्हणून काय होतं तेही ऐका.

आपली ग्रामसभा कधी बसते? रात्री. दिवसा कोण रिकामं आहे? दाव्याचे कागद, नकाशा, जबाब, पंचनामा, सगळं चिमणीच्या उजेडात. नाकाजवळ कागद धरला तरी अक्षर दिसत नाही. मग कोणीतरी म्हणतो, करा अंगठा, साहेब चांगला माणूस आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे अशाच एका रात्री चार एकराच्या दाव्यावर दीड एकर लिहिलेल्या कागदाला अंगठा लागला. सकाळी उजेडात वाचलं तेव्हा कळलं. तेव्हापासून अपील चालू आहे. दिव्याचं काम आणि जमिनीचं काम वेगळं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कागद येऊन बघावा.

आपल्यातलंच एक भांडण

आता आपल्या लोकांशी बोलतो. संघटनेत दोन मतं आहेत. दोन्ही बैठकीत मोठ्या आवाजात मांडली गेली.

एक मत असं, की सोलर घेऊच नका. घेतलं की तार कायमची गेली. शहराला तार आणि आदिवासीला खेळणं, हे मान्य करू नका. या मतात दम आहे. दोन बल्बवर पिठाची गिरणी चालत नाही, पाण्याची मोटर चालत नाही. पण त्यासाठी आज रात्री बाळंतीण अंधारात ठेवायची का? साप पायाखाली आला तर त्याला काय सांगायचं, लाईन येईपर्यंत थांब? मी म्हणतो, सोलर घ्या, पण बदल्यात घेऊ नका. ठरावात स्पष्ट लिहा की ही सोय आजची आहे आणि तारेचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

दुसरं मत असं, की सरकारनं फुकट द्यावं आणि सरकारनंच दुरुस्त करावं, आपण एक पैसा देणार नाही. वस्तू सरकारनं द्यावी, हे मलाही मान्य. ते त्यांचं देणंच आहे. पण दुरुस्तीसाठी साहेबाची वाट बघत बसलो तर काय होतं ते पाच वर्षं आपण भोगलंय. ज्याच्या हातात पाना, त्याच्या हातात दिवा. पाना आपल्या हातात पाहिजे.

हे होऊ शकतं. राजस्थानात तिलोनिया म्हणून गाव आहे. तिथल्या बेअरफूट कॉलेजात न शिकलेल्या खेड्यातल्या बाया, कित्येक आज्या झालेल्या, सोलरची जोडणी आणि दुरुस्ती शिकतात. वायरचे रंग ओळखून, हातानं करून शिकतात, वाचता यायची गरज पडत नाही. गाव ठरवतं की महिन्याला किती भरायचं, आणि रॉकेलवर आधी किती जात होते त्यावरून ठरवतं. कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ पासून ग्रामीण बँकांना पटवून हप्त्यावर दिवे दिले. त्यांचं साधं म्हणणं असं की गरिबाचा पैसा जसा येतो तसा हप्ता ठेवा. बांगलादेशात अशा हप्त्यांवर दहा लाखांहून जास्त घरांत सोलर लागलंय. ते लोक आपल्यापेक्षा श्रीमंत नाहीत.

आपल्याकडे पैसा कधी येतो? मोहाला, तेंदूपानाला, आमचूर विकला की, आणि ऊसतोडीहून परतलो की. मग हप्ता तेव्हाच. वीस घरांच्या पाड्यानं घरटी वर्षाला ६०० रुपये ठेवले, म्हणजे महिन्याचे पन्नास, तर वर्षाचे १२,००० होतात. चार वर्षांत ४८,०००. जुनी प्लेट शाबूत असेल तर तिच्यावर जुने सीएफएल काढून तीन-तीन वॉटचे १२ व्होल्टचे एलईडी लावा. वीज चौथा हिस्सा लागते, म्हणून बॅटरीही निम्मी पुरते. २०१२ च्या भावानं दोन हजारांची. वीस घरांच्या बॅटऱ्या ४०,०००. उरलेले ८,००० वायर, पाणी आणि दुरुस्तीला. हिशोब बायांच्या बचत गटाकडे ठेवा. पुरुषांकडे ठेवला तर काय होईल ते मी लिहायची गरज नाही.

काय करायचं

१. भंगारवाल्याला प्लेट देऊ नका. छपरावर आंब्याची सावली पडत असेल तर जागा बदला. तोंड दक्षिणेला, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. डबी काढून वायर डायरेक्ट जोडू नका.

२. प्रत्येक पाड्यातून एक बाई आणि एक पोरगा दुरुस्ती शिकायला निवडा. पोरगा ऊसतोडीला जाईल, बाई तरी राहील, म्हणून दोघं.

३. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. विचारायचं हे: आमच्या गावात किती दिवे लावले, ठेकेदाराला किती पैसे दिले, दुरुस्तीची अट किती वर्षांची होती, दुरुस्ती झाली असं कोणी सही करून दिलं. नमुना अर्ज कार्यालयात मिळेल.

४. ग्रामसभेत हा ठराव घ्या: "आमच्या गावातील बंद पडलेले सौर दिवे 'काम पूर्ण' या यादीतून काढून टाकावेत. पुरवठादाराकडून ते दुरुस्त करून घ्यावेत व आमच्या गावातील व्यक्तींना दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे. सौर दिवे ही तात्पुरती सोय असून वीजजोडणीचा आमचा हक्क अबाधित आहे. वीजवाहिनीसाठी वनहक्क कायदा कलम ३(२) प्रमाणे ही ग्रामसभा शिफारस करीत आहे. गावास महसूल गावाचा दर्जा द्यावा." सह्या, अंगठे, तारीख. आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही.

५. होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी तहसीलवर यायचं. घोषणा आणि झेंडे आहेतच. या वेळी प्रत्येक घरानं आपली मेलेली बॅटरी सोबत आणायची. एकेक करून साहेबाच्या दारासमोर मांडायच्या आणि म्हणायचं, मोजा आता. यादीत जेवढी घरं उजेडात आहेत, तेवढ्या बॅटऱ्या इथे आहेत का बघा.

बॅटरी उभीच आणा. टोपलीत गवत घालून, डोक्यावर नको, दोघांनी काठीला टांगून. आडवी झाली तर तेजाब सांडतं आणि कातडी भाजते. हे पाच वर्षांपूर्वी ठेकेदारानं सांगायला पाहिजे होतं.

जिंदाबाद!